५.९० म्हणजे लिटर नव्हे: डिझेल पिकअपच्या ड्रॅग शर्यतीतले वर्ग

उजव्या लेनमधल्या ट्रकच्या काचेवर पांढऱ्या बूट पॉलिशने ७.०५ लिहिलंय, डाव्या लेनमधल्यावर ८.२०. डावा ट्रक आधी सुटतो. त्यानंतर १.१५ सेकंदांनी उजव्याचा हिरवा दिवा लागतो. शेवटच्या रेषेवर उजवा ट्रक नऊ-दहा फूट पुढे असतो, आणि विजयाचा दिवा डाव्या लेनवर लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं घड्याळ बिघडलं. घड्याळ ठीक आहे. उजव्याने ७.०४ सेकंद घेतले, म्हणजे स्वतःच लिहिलेल्या वेळेपेक्षा एक शतांश सेकंद कमी. या वर्गात तो नियमभंग आहे.

अमेरिकेतल्या डिझेल पिकअपच्या ड्रॅग शर्यती, म्हणजे सरळ पट्टीवरच्या दोन-दोन ट्रकच्या शर्यती, समजून घ्यायच्या तर वर्गांपासूनच सुरुवात करावी लागते. पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भाजीचे क्रेट भरलेली बोलेरो येते. तिकडचे हे ट्रक म्हणजे रॅम २५००, फोर्ड एफ-२५०, शेवी सिल्व्हराडो २५००. चारही चाकांना ताकद, वजन ७,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन टनांहून थोडं जास्त. इंजिनांची घराणी तीन: कमिन्सचं सरळ सहा सिलिंडरचं ५.९ आणि पुढे ६.७ लिटर, जनरल मोटर्सचं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स व्ही-८, आणि फोर्डचं पॉवर स्ट्रोक, ७.३ पासून ६.०, ६.४ आणि ६.७ लिटरपर्यंत. कोणी घरून चालवत आणतो, परत जाताना त्याच ट्रकला ट्रेलर जोडतो. कोणाच्या ट्रकमध्ये मूळ कंपनीचं म्हणावं असं दारांच्या पत्र्यापलीकडे फारसं काही उरलेलं नसतं. दोघांना एकाच रांगेत उभं केलं तर शर्यत सुरू होण्याआधीच संपते. म्हणून वर्ग करावे लागतात.

वर्ग करायच्या तीन पद्धती आहेत, आणि प्रत्येकीत ‘न्याय’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बहुतेक भांडणं एका पद्धतीचा न्याय दुसरीत शोधल्यामुळे होतात.

ब्रॅकेट: ट्रक कसाही असो

ब्रॅकेटमध्ये प्रत्येक जण आपला ट्रक किती सेकंदांत पट्टी संपवेल ते आधी जाहीर करतो. यालाच डायल-इन म्हणतात. दोघांच्या डायलमध्ये जेवढा फरक, तेवढी आघाडी हळू ट्रकला मिळते. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे हार. दोघेही लवकर पोचले तर ज्याने कमी फरकाने मर्यादा ओलांडली तो जिंकतो.

वरच्या उदाहरणाचा हिशेब पूर्ण करू. डाव्याची प्रतिक्रिया, म्हणजे हिरवा लागल्यापासून ट्रक रेषेवरून हलेपर्यंतचा वेळ, ०.०४५ सेकंद. त्याने ८.२३ काढले, डायलपेक्षा ०.०३ जास्त. एकूण चूक ०.०७५. उजव्याची प्रतिक्रिया ०.०२०, ती चांगली होती. त्याने ७.०४ ऐवजी ७.०६ काढले असते तर एकूण चूक ०.०३० झाली असती आणि तो ०.०४५ सेकंदांनी जिंकला असता. अगदी ७.०९ काढूनही जिंकला असता. प्रतिस्पर्धी मागे पडलाय हे आरशात दिसत असताना शेवटच्या पन्नास फुटांत त्याने पाय उचलला नाही, एवढंच त्याचं चुकलं. मुरलेला ब्रॅकेटवाला शेवटच्या टप्प्यात समोर कमी आणि शेजारी जास्त बघतो.

इथे पैशाची मात्रा चालत नाही. ताकद वाढवली की डायल बदलतो, फायदा शून्य. परीक्षा होते ती सातत्याची आणि डोळ्याची. म्हणून नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मात्र डिझेल ट्रकला दर फेरीत तोच आकडा काढायला लावणं सोपं नाही. कारणं अगदी घरगुती असतात.

टाकीतलं डिझेल हे पहिलं. एक गॅलन डिझेल साधारण सात पौंड. सकाळी वीस गॅलन जास्त असतील तर १४० पौंड जास्त, म्हणजे सात हजारांच्या दोन टक्के. वेळ ही वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे दोन टक्के वजनाने वेळ सुमारे ०.७ टक्के बदलते. ८.२० सेकंदांवर हा फरक पाच-सहा शतांश होतो. वर एका शतांशाने सामना गेला होता. म्हणून टाकी दिवसभर एकाच खुणेजवळ ठेवायची, पाव टाकी म्हणजे पाव टाकी.

दुसरं, सुटतानाचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब. एका फेरीला १२ पीएसआयवर सुटलात आणि पुढच्या फेरीला १८ वर, तर पहिल्या साठ फुटांतच हिशेब कोलमडतो. एक आकडा ठरवायचा आणि गेजवर तोच दिसल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही. तिसरं, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. तेल तापलं की पातळ होतं, आणि तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर वेगळा वागतो. लागोपाठ फेऱ्या आल्या तर बॉनेट उघडून, पंखा लावून, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि तेल दोन्ही पहिल्या फेरीच्या तापमानाजवळ आणायचे. जमलं नाही तर डायल दोन-तीन शतांश बदलायचा. टायरमधली हवाही दर फेरीआधी मोजायची. काळं डांबर उन्हात तापतं तशी हवा चढते.

ब्रॅकेटमध्ये एक जुना अन्याय मात्र होता. हळू ट्रक आधी सुटतो. तो हिरव्याआधी हलला की लाल दिवा लागून सामना तिथेच निकाली. मागून सुटणारा त्याच्याहून मोठी चूक करणार असला तरी सुटला. आता अनेक ठिकाणी यंत्रणा दोघांचीही सुटका होईपर्यंत थांबते आणि ज्याचा लाल जास्त वाईट त्याला बाद करते. आपण कुठल्या यंत्रणेवर पळणार ते सकाळच्या चालकांच्या बैठकीतच विचारून घ्यावं.

इंडेक्स: छत सगळ्यांना सारखं

दुसऱ्या पद्धतीत वेळ आयोजक ठरवतो. आउटलॉ डिझेल सुपर सिरीज या शर्यतमालिकेत ७.७०, ६.७० आणि ५.९० असे इंडेक्स वर्ग आहेत. नवखे लोक हे इंजिनाचे लिटर समजतात, कारण कमिन्सचं ५.९ आणि ६.७ डोक्यात बसलेलं असतं. हे सेकंद आहेत, आणि तेही अष्टमांश मैलाचे, म्हणजे ६६० फुटांचे. दोघे एकाच वेळी सुटतात, कोणाला आघाडी नाही. पहिला पोचेल तो जिंकला, पण ७.७० च्या वर्गात ७.६९ काढले तर हार.

कल्पना साधी आहे. छताला डोकं लागेल इतकं जवळ जायचं, पण आपटायचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाड्याच्या घाटात सेकंदांवर नंबर लागताना पाहिलेल्यांना हे चटकन उमजेल. फक्त इथे फार जोरात पळणं हीसुद्धा चूक धरली जाते.

एका वर्गातून वरच्या वर्गात जायला किती ताकद लागते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. अष्टमांश मैलाच्या वेळेला १.५६ ने गुणलं की पाव मैलाची वेळ अंदाजे मिळते. त्या वेळेला ५.८२५ ने भागायचं, येईल त्याचा घन करायचा. ट्रकच्या वजनाला त्या घनाने भागलं की लागणारी अश्वशक्ती मिळते. ७,००० पौंडांच्या ट्रकला ७.७० साठी सुमारे ८००, ६.७० साठी सुमारे १,२००, आणि ५.९० साठी १,७५० ते १,८००. एका सेकंदासाठी ताकद दीडपट. पट्टीवर पकड कशी मिळते यावर हे आकडे हलतात, पण पायरीची उंची खरी आहे. ८०० ला चांगला टर्बो, मोठे इंजेक्टर आणि मजबूत केलेला गिअरबॉक्स पुरतो. १,८०० ला इंजिनच वेगळं बांधावं लागतं. म्हणून ५.९० वाले आधी वजनाच्या मागे लागतात. तोच ट्रक ५,५०० पौंडांवर आणला की गरज १,४०० च्या आसपास येते.

हे आकडे सुरक्षेच्या नियमांशी कसे बसतात ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक ट्रॅकवर आधार घेतला जातो तो एनएचआरएच्या, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, नियमपुस्तकाचा. त्यात अष्टमांश मैल ७.३५ किंवा त्याहून जलद असेल तर रोल बार, म्हणजे चालकामागची पोलादी कमान लागते, ६.३९ किंवा त्याहून जलद असेल तर पूर्ण रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा. २००८ आणि त्यानंतरच्या, मूळ सुरक्षा साधनं शाबूत असलेल्या गाड्यांना यात काही सवलत आहे. म्हणजे ७.७० चा वर्ग रोल बारच्या रेषेच्या अलीकडे, ६.७० दोन्ही रेषांच्या मधे, आणि ५.९० केजच्या पलीकडे. ७.७० मध्ये मुलांच्या शाळेसमोर उभा राहणारा ट्रक पळू शकतो. ५.९० च्या ट्रकमध्ये केज वेल्ड केला की त्यात रोज चढणं-उतरणं नकोसं होतं, आणि हेल्मेट न घालता रस्त्यावर नेला तर अपघातात केजचाच पाइप डोक्याला लागायची भीती. वर्ग निवडताना लोक इंजिनाचा विचार करतात. आधी केजचा करावा.

इंडेक्सवर आक्षेप एकच, पण तो वजनदार आहे. हजार अश्वशक्तीचा ट्रक ७.७० मध्ये आणून अर्ध्या पट्टीत पाय उचलणारा माणूस. सुरुवातीच्या साठ फुटांत तो पुढे निघतो, मग शेजाऱ्याकडे बघत वेळ भरतो. काही नियमपुस्तकं यावर कमाल वेगाची मर्यादा घालतात, काही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल रोधकांना, म्हणजे ताकद आपोआप रोखणाऱ्या साधनांना, बंदी करतात. आमच्या मते हा अन्याय दिसतो तेवढा मोठा नाही. तीन टनांचा ट्रक ब्रेक मारून शतांशात बसवणं कठीण असतं, आणि टर्बोची हवा एकदा पडली की परत चढायला वेळ लागतो. असे ट्रक आपल्याच ताकदीने ब्रेकआउट होऊन घरी जाताना वारंवार दिसतात.

उंचीचा आक्षेप मात्र खरा. समुद्रसपाटीजवळच्या ट्रॅकवर बसवलेला ७.७० चा ट्रक पाच हजार फुटांवर नेला की हवा विरळ. टर्बो जास्त फिरून थोडी भरपाई करतो, पण पूर्ण नाही, आणि त्यात त्याचं आयुष्य झिजतं. इंडेक्स तोच ठेवला तर डोंगरावरच्या माणसाला त्याच आकड्यासाठी जास्त खर्च करावा लागतो. एक तर त्या ट्रॅकपुरता इंडेक्स वाढवायचा, नाही तर ही गोष्ट मान्य करून पुढे जायचं.

हेड्स-अप: सुटा आणि पळा

प्रो स्ट्रीट, प्रो मॉड यांसारख्या वरच्या वर्गांत छत नाही. दोघे एकदम सुटतात, पहिला पोचेल तो जिंकतो. इथे न्याय ठेवायचा तर ट्रकच्या भागांवर बंधनं घालावी लागतात, आणि डिझेलच्या बाबतीत नेमकी कशावर, हाच खरा प्रश्न आहे.

पेट्रोल गाड्यांची जुनी पद्धत म्हणजे इंजिनाच्या आकारमानावर वजन ठरवणं. डिझेलला ती लागू पडत नाही. टर्बो डिझेल इंजिनाची ताकद त्यात किती हवा कोंबता आणि तेवढी हवा जाळायला किती इंधन देता यावर ठरते. ५.९ लिटरच्या इंजिनात दुप्पट हवा कोंबली तर ते मोठ्या इंजिनासारखं वागतं. स्पार्क नाही, थ्रॉटलवर ताकद अवलंबून नाही. इंधन जास्त झालं तर काळा धूर निघतो. म्हणून बंधन घालायची योग्य जागा म्हणजे हवेचं दार: टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाचं तोंड, ज्याला इंड्यूसर म्हणतात.

या दारातून जाणारी हवा क्षेत्रफळावर ठरते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ६६ मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटर केले तर व्यास १५ टक्केच वाढतो, पण दार ३३ टक्के मोठं होतं. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढे. म्हणून टर्बोच्या मापावर मिलिमीटरसाठी भांडणं होतात, आणि ती योग्यच आहेत.

पळवाटा याच दाराभोवती सापडतात. टर्बोच्या आवरणात चाकाभोवती एक गोल खाच असते. कमी हवेत टर्बो नीट चालावा म्हणून ती मुळात दिलेली असते. जास्त प्रवाहात याच खाचेतून उलटी जास्तीची हवा चाकात शिरते, म्हणजे दाराशेजारी खिडकी. भोक मोजलं तर नियमात, हवा मात्र जास्त. त्यामुळे चांगलं नियमपुस्तक नुसता व्यास सांगून थांबत नाही. माप कुठे घ्यायचं, खाच चालेल की बुजवायची, सगळी हवा त्याच भोकातून गेली पाहिजे आणि चाकाचं टोक त्या भोकात किती आत आलेलं असावं, हे सगळं लिहितं. ट्रॅक्टर आणि ट्रक पुलिंगवाले, म्हणजे जड ओझं ओढण्याच्या स्पर्धांतले लोक, हे फार आधी शिकले. त्यांचे २.६ इंचांचे वर्ग याच मापावर उभे आहेत.

एकच टर्बो की एकात एक फुंकणारे दोन, हेही स्पष्ट लागतं. मोठा टर्बो लहानात फुंकतो तेव्हा लहानाच्या तोंडाशी आधीच दाबलेली हवा येते. मग लहानाचा व्यास मोजून काही हाती लागत नाही, वातावरणाकडे उघडणारं तोंड मोजावं लागतं.

नायट्रसचं प्रकरणही इथेच. डिझेलमध्ये नायट्रस (नायट्रस ऑक्साइड वायू) म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन आणि सोबत थंडावा, टर्बोच्या दाराला वळसा घालून. टर्बो मर्यादित वर्गात नायट्रस चालू दिला तर मर्यादेला अर्थ उरत नाही. मोठ्या टर्बोला सुरुवातीला फिरवायला थोडा नायट्रस फार उपयोगी पडतो, म्हणून खुल्या वर्गात तो सर्रास दिसतो. बंदी असलेल्या वर्गात सोपा नियम हवा: बाटली, नळी, नोझल यांतलं काहीही ट्रकमध्ये सापडलं तर बाद. ‘बसवलंय पण वापरलं नाही’ हे ऐकून घेत बसू नये.

रेषेवर काय होतं

सुटण्याच्या रेषेवर डिझेलचा एक स्वतंत्र तंटा असतो. मोठ्या टर्बोच्या ट्रकला ब्रेकवर उभं राहून बूस्ट चढवावा लागतो. त्याला काही सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. लवकर बूस्ट चढणारा शेजारी मुद्दाम उशिरा रेषेवर आला तर पहिल्याचा गिअरबॉक्स शिजतो. म्हणून आधी दोघांनी वरचा, प्री-स्टेजचा दिवा लावायचा आणि मगच कोणीतरी पुढे सरकायचं, हा शिष्टाचार अनेक ठिकाणी नियमच केलेला असतो. दोघांपैकी एक पूर्ण स्टेज झाला, म्हणजे नेमका सुटण्याच्या रेषेवर उभा राहिला, आणि दुसरा प्री-स्टेजमध्ये असला की यंत्रणा स्वतः घड्याळ लावते. त्या मुदतीत दुसरा आला नाही तर त्याचा लाल. ही मुदत खूप कमी ठेवली तर मोठ्या टर्बोवाल्यावर अन्याय, खूप जास्त ठेवली तर लवकर स्टेज झालेल्यावर.

दिव्यांच्या खांबाला ट्री म्हणतात. फुल ट्रीमध्ये तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. प्रो ट्रीमध्ये तिन्ही पिवळे एकदम आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. हा दशांशाचा फरक जड ट्रकला जाणवतो. माणसाला साधारण दोन दशांश लागतात, मग ट्रकला चाकं फिरून रेषेबाहेर यायला वेळ लागतो. प्रो ट्रीवर उशीर होत असेल तर सुटतानाचा बूस्ट थोडा वाढवून ट्रकची हालचाल जलद करतात. फुल ट्रीवर लाल लागत असेल तर तोच कमी करतात.

आता टायरकडे बघा. घड्याळ सुरू होतं ते पुढचा टायर स्टेजच्या किरणातून बाहेर पडल्यावर. किरण जमिनीपासून दीड इंच वर धरला तर ३३ इंची टायर त्याला सुमारे पावणेचौदा इंच अडवतो, २५ इंची टायर सुमारे बारा. मोठ्या टायरच्या ट्रकला घड्याळ सुरू होण्याआधी दोनेक इंच जास्त धावायला मिळतं. पट्टीवरची त्याची वेळ चांगली दिसते, प्रतिक्रियेची वेळ मात्र लांबते. ब्रॅकेटमध्ये हे दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. इंडेक्समध्ये पुढच्या टायरचं माप बदललं की सराव फेरीशिवाय जुना हिशेब वापरू नये.

तपासणी

हेड्स-अप वर्गात वजन फेरीनंतर, चालकासकट, सरळ पट्टीवरून येऊन मोजतात. वाटेत ताफ्याजवळ थांबायला मनाई असते. फेरीत डिझेल जळतं, बर्फाच्या इंटरकूलरमधलं पाणी सांडतं, म्हणून किमान वजनावर पन्नासेक पौंड शिल्लक ठेवूनच यावं. वजन वाढवायला टाकलेले लोखंडी ठोकळे चासीला बोल्टने आवळलेले हवेत. मागच्या हौद्यात सुटी ठेवलेली वाळूची पोती चालत नाहीत, उलटल्यावर तीच गोळ्यासारखी उडतात.

तेल गळण्याचा नियमही न्यायाचाच भाग आहे, हे लोक विसरतात. जास्त बूस्टच्या डिझेलमध्ये पिस्टनच्या कडांतून क्रँककेसमध्ये बराच वायू उतरतो आणि सोबत तेलाची वाफ घेऊन श्वासनळीतून बाहेर पडतो. ती नळी झाकणाच्या डब्यात सोडलेली नसेल तर चार थेंब लेनवर पडतात, आणि पुढच्या फेरीत त्या लेनमधल्याची चाकं घसरतात. डबा किमान काही फेऱ्यांना पुरेल एवढा हवा, आणि दर फेरीनंतर रिकामा करावा.

टर्बोच्या तपासणीला इंजिन उघडावं लागत नाही. हवेच्या पाइपचा एक क्लॅम्प सैल करायचा, पाइप बाजूला करायचा आणि मर्यादेपेक्षा केसभर मोठं लोखंडी प्लग गेज तोंडाला लावायचं. तोंड गार झाल्यावर लावावं, नाहीतर तापून फुगलेल्या भोकावरून पुन्हा वाद. गेज बाहेरच अडकलं तर ट्रक नियमात. आत शिरलं तर फेरी रद्द, आणि पाइप परत बसवायचं काम मालकाचं.